गुडघ्याखालची वीतभर जागा

जपानमधल्या मितो शहरातल्या त्या घरात हिवाळ्याची सकाळ ओकासानच्या, म्हणजे त्या घरातल्या आईच्या, एका वाक्याने सुरू व्हायची. "आधी कोतात्सूतले मोजे काढा!" कोतात्सू म्हणजे बुटकं टेबल, त्याच्या चारी बाजूंनी लोंबणारी जाड दुलई आणि टेबलाच्या पोटाला बसवलेली विजेची शेगडी. घरातल्या सगळ्यांनी दुलईत पाय घालून बसायचं, तिथेच जेवायचं, तिथेच संत्री सोलायची. त्या उबेत रात्री कुणी मोजे वाळत ठेवावेत हे ओकासानला मुळीच पटत नसे. तिचं बरोबरच होतं, एखाद्या दिवशी आग लागली असती. पण ते मोजे दुसरीकडे कुठे वाळतच नव्हते. जाड सुती, उभ्या पट्ट्यांच्या विणीचे, पांढरे, आणि लांबीला जवळजवळ मीटरभर. दोघींनी दोन टोकं धरून पिळले तरी भिजल्या टॉवेलसारखे जड लागायचे. रात्री अंगणातल्या दोरीवर टाकले तर सकाळी कडक होऊन मिळत, लाकडाच्या फळीसारखे.

जपानीत त्यांना 'रूझु सोक्कुसु' म्हणतात. इंग्रजी 'लूज सॉक्स' जपानी तोंडातून जसे बाहेर येतील तसे. मी मनातल्या मनात त्यांना ढगळ मोजे म्हणायचे, आजही म्हणते.

मी सोळा वर्षांची होते. पुण्यात दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकले होते, आणि एका विद्यार्थी योजनेतून एप्रिल १९९६ ते मार्च १९९७ असं वर्षभर इबाराकी जिल्ह्यातल्या मितो शहरात, तिथल्या एका कुटुंबात राहून शाळेत गेले. घरात ओतोसान म्हणजे वडील, ओकासान आणि माझ्याहून एका वर्षाने मोठी मुलगी. तिला मी ओनेचान म्हणायचे, म्हणजे ताई. रूढार्थाने मी त्या शाळेत जपानी भाषा आणि विज्ञान शिकायला गेले होते. पण त्या वर्षाबद्दल आज लिहायला बसले की हात आधी मोज्यांकडे जातो.

पहिल्या दिवशी शाळेकडे जाताना समोरून मुलींचा घोळका आला. गडद निळा कोट, निऱ्यांचा स्कर्ट कमरेशी दोनदा गुंडाळून आखूड केलेला, गुडघे उघडे, आणि गुडघ्याखाली पांढऱ्या कापडाचे ढीगच्या ढीग घरंगळत येऊन तपकिरी बुटांवर बसलेले. मला हत्तीच्या पिल्लाचे पाय आठवले. आणि लगेच पोटात धस्स झालं, कारण मोजा खाली घसरणं म्हणजे काय हे माझ्या अंगात पुरतं मुरलेलं होतं. पुण्याच्या माझ्या शाळेत दोन वेण्या वर दुमडून लाल रिबिनी आणि गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे अशी शिस्त होती. इलॅस्टिक महिनाभरात मरायचं, मग आई वरच्या काठाला रबरबँड लावून द्यायची. घरी येऊन मोजे काढले की पोटरीवर लाल गोल वळ. "मोजे वर ओढ" हे वाक्य प्रार्थनेच्या रांगेत मी किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. इथे मात्र मुलींनी मोजे स्वतःहून खाली सोडले होते, आणि सोडलेलेच राहावेत म्हणून कष्ट घेत होत्या.

ते कष्ट केवढे, हे ओनेचानने मला जमिनीवर बसवून दाखवलं. मोजा आधी सबंध वर ओढायचा, गुडघ्याच्याही वर. मग पोटरीवर गुडघ्याच्या जरा खाली डिंक लावायचा. खास मोज्यांसाठीचा डिंक, छोट्या बाटलीच्या तोंडाशी गोळी बसवलेली, कातडीवरून फिरवली की थंडगार पातळ थर उमटतो. त्याचं नाव 'सोक्कु ताच्ची'. हाकुगेन कंपनीने तो १९७२ साली बाजारात आणला, तेव्हा आखूड स्कर्टबरोबर उंच मोजे घालायची टूम होती आणि ते घसरू नयेत एवढीच गरज होती. टूम गेली, डिंकही मागे पडला. नव्वदीत ढगळ मोजे आले आणि तो पुन्हा घरोघरच्या आरशापुढे आला. या वेळी काम उलटं होतं. मोज्याचा काठ एका ठिकाणी चिकटून राहावा आणि त्याखालचं सगळं कापड मोकळं पडावं, यासाठी.

काठ चिकटला की दोन्ही हातांची बोटं आत-बाहेर घालून कापड खाली उतरवायचं. एकदम नाही, एकेक चुणी पाडत. पुढे चुण्या दाट, मागे जरा विरळ. घोट्याशी सगळ्यांत फुगीर. बुटाच्या टाचेवर कापड थोडं टेकलं पाहिजे, पण जमिनीला लागता कामा नये, नाहीतर संध्याकाळपर्यंत कड काळी होते आणि तो डाग कशानेही जात नाही. दोन्ही पाय सारखे दिसले पाहिजेत. आरशापासून चार पावलं मागे जाऊन बघायचं, पुन्हा खाली बसायचं. माझी आजी नऊवारी नेसायची तेव्हा असंच करायची. निऱ्या चिमटीत धरून झटकायच्या, डोळ्यांनी मापायच्या, एक सोडायची, पुन्हा घ्यायची. त्या वयात आजीला कुणी विचारलं असतं की इतका वेळ कशाला, तर तिला प्रश्नच कळला नसता. ओनेचानलाही कळला नसता.

पन्नास सेंटिमीटर, सत्तर सेंटिमीटर, मीटरभर, अशा लांब्या होत्या. दोन मीटरचेही मिळत, त्यांना 'सुपर रूझु' म्हणत. त्या शाळेत एकच मुलगी तसले घालायची आणि जिना उतरताना कठड्याला धरून उतरायची. काही जणी वरचं इलॅस्टिक सोडवून काढायच्या, म्हणजे काठालाही ताण राहत नसे आणि मोजा सगळा डिंकाच्या भरवशावर उभा. हे शिवणकाम ओनेचान रात्री अभ्यासाच्या दिव्याखाली करायची. बारीक कात्री, ओठ दाबून धरलेले, श्वाससुद्धा सावकाश. गणिताच्या वहीतली तिची अक्षरं मी पाहिली होती, तिथे ही एकाग्रता नव्हती.

आणि या सगळ्याला नाव काय, तर 'रूझु'. जपानीत हा शब्द नुसता मापाचा नाही, स्वभावाचा आहे. वेळ न पाळणाऱ्या माणसाला 'वेळेच्या बाबतीत रूझु' म्हणतात. पैशाच्या व्यवहारात गबाळा, वागण्यात बेफिकीर, असा त्याचा सगळा रोख. मराठीतही 'सैल' शब्दाला ही दुसरी बाजू आहेच. जीभ सैल, हात सैल, आणि मुलीबद्दल बोलताना 'सैल सोडली आहे तिला' म्हणणारी माणसं मी लहानपणापासून ऐकत आले. कापडाची गोष्ट बाईच्या चारित्र्यावर नेऊन टेकवायला दोन्ही भाषांना वेळ लागला नाही. ज्या मुली रोज सकाळी वीस-वीस मिनिटं चुण्या बसवत होत्या, त्यांना रस्त्यावरचे काका-मामा 'दाराशिनाइ' म्हणत होते, म्हणजे गबाळ्या, ढिसाळ. मला ते तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आता जास्तच वाटतं.

ओनेचानला विचारलं होतं, का घालतेस? तिने आपल्या पोटऱ्यांवर थाप मारली आणि म्हणाली, "दाइकोन आशी." मुळ्यासारखे पाय. जपानी मुळा आपल्या मुळ्याहून कितीतरी जाड असतो, खालपर्यंत एकसारखा. जपानी मुलींना आपल्या पायांसाठी हा शब्द अगदी लहानपणापासून ऐकायला मिळतो. ढगळ मोज्याच्या फुगीर घेरातून वर निघालेला पाय मात्र बारीक दिसतो. इतकं साधं दृष्टीचं गणित. दुसरं कारण थंडी. मितोत जानेवारीत सकाळचा पारा शून्याखाली जातो, वारा कोरडा आणि बोचरा, आणि मुलींच्या गणवेशात पायघोळ काही नाही, स्कर्टच. हे मोजे मुळात अमेरिकेतले. ई. जी. स्मिथ नावाच्या ब्रँडचे, बुटांच्या आत घालायचे जाड मोजे. ते जपानी मुलींनी बुटांच्या आतून काढून बुटांच्या वर आणले. पहिल्यांदा कुणी, यावर दोन शहरांची नावं हमखास घेतली जातात, सेन्दाई आणि मितो. दोन्ही तोक्योहून वरची, थंडीवाऱ्याची. ओनेचानच्या मते यात वादच नव्हता, मितोच. नात्तो (आंबवलेले सोयाबीन) आणि प्लमची फुलं यांच्याइतक्याच ठामपणे ती मोज्यांवर मितोचा हक्क सांगायची.

पण थंडी हे कारण जूनमध्ये टिकत नाही. जपानमध्ये १ जूनला बहुतेक शाळा एकाच दिवशी हिवाळी गणवेश उतरवून उन्हाळी चढवतात, १ ऑक्टोबरला पुन्हा उलट. त्याला 'कोरोमोगाए' म्हणतात. कोट गेले, बाह्या आखूड झाल्या, पावसाळी दमट महिना सुरू झाला, आणि मोजे होते तसेच. जुलैत आपल्या कोकणात व्हावी तशी चिकचिक, घामाने डिंक सुटतोय, आणि मुली मधल्या सुट्टीत एकमेकींना बाटली देताहेत. तेव्हा मला कळायला लागलं की पाय बारीक दिसणं, ऊब, ही सगळी सांगायची कारणं आहेत. खरं कारण ती जागा होती. स्कर्टच्या काठापासून बुटापर्यंतची. कोट शाळेचा, टाय शाळेची, केसांचा रंग आणि लांबी शाळेच्या नियमात, पिशवीसुद्धा शाळेची. गुडघ्याखालची वीतभर जागा तेवढी अजून कुणी पुरती मोजून घेतली नव्हती.

अर्थात तिचाही नियम होताच. साधे पांढरे मोजे, काठ दुमडलेला. म्हणून मुली सकाळी नियमाचे मोजे घालून निघत, मितो स्टेशनच्या बायकांच्या स्वच्छतागृहात ढगळ मोजे चढवत, शाळेच्या अलीकडच्या वळणावर पुन्हा बदलत, आणि संध्याकाळी सगळं उलट्या क्रमाने. ज्यांना शाळेत खपवून घ्यायचे ते आत तसेच जात. नशिबाचा भाग असे, दारात कोण उभं आहे त्यावर.

एक गोष्ट जपानमध्ये राहिल्याशिवाय कळत नाही. तिथे मोजे लपलेले नसतात. शाळेत शिरलं की दाराशीच बूट काढायचे, लाकडी खणात ठेवायचे आणि आतले पांढरे कापडी बूट घालायचे. घरी गेलं की तेही नाहीत, तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, नुसत्या मोज्यांनी. पाय कसे दिसतात हे दिवसातून दहा वेळा चारचौघांसमोर येतं. भोक पडलेला मोजा ही तिथे घराण्याची लाज. अशा देशात मोज्यांनी बंड करणं यात एक नेमकेपणा आहे, तो मला फार आवडतो.

फेब्रुवारी १९९७ची ती सकाळ. काइराकुएन बागेत प्लम फुलायला लागले होते. मितोचा तेव्हाचा सरंजामदार तोकुगावा नारिआकी याने १८४२ साली सामान्य लोकांसह सगळ्यांसाठी उघडलेली ती बाग, प्लमची तीन हजार झाडं, आणि फुलं येतात ती नेमकी हाडं गोठवणाऱ्या थंडीत. आम्हाला उशीर झाला होता. स्टेशनवरून पळत आलो, वळणावर बदलायला वेळच मिळाला नाही. दारात 'सेइकात्सु शिदो'चे शिक्षक उभे होते. म्हणजे मुलांच्या वागण्या-राहण्याची जबाबदारी असलेले. त्यांनी ओनेचानला आणि आणखी दोघींना बाजूला घेतलं आणि मोजे तिथेच उतरवायला सांगितले. आवाज चढवला नाही. मग माझ्याकडे वळले, मान थोडी लववली आणि म्हणाले, तुम्ही परदेशी विद्यार्थिनी आहात, तुम्हाला चालेल, आत जा.

मी आत गेले.

जिन्यावरून वळून पाहिलं तेव्हा ओनेचान एका पायावर उभी राहून दुसरा मोजा सोलत होती. डिंकाने कातडी ओढली जाते, भुवया आक्रसतात, तेवढं लांबूनही दिसलं. तो दिवस तिने उघड्या पायांनी कापडी बुटांत काढला. वर्गात एकच स्टोव्ह, पुढच्या कोपऱ्यात. माझे पाय बाकाखाली उबदार होते आणि मी ते दिवसभर बाकाच्या दांडीमागे दडवून बसले. तिथल्या तिथे मोजे काढून तिच्या शेजारी उभं राहता आलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ते मी केलं नाही, आणि संध्याकाळी घरी परतताना तिने त्याबद्दल एक अक्षरही काढलं नाही. तिच्या न बोलण्याचा मी बरीच वर्षं रागच समजत आले.

पुढे भाषांतराच्या कामात पडल्यावर मी या मोज्यांच्या मागे-मागे बरंच फिरले, आणि जसजशी मागे गेले तसतसा त्या दारातला प्रसंग जुना, आणखी जुना होत गेला. एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या वळणावर जपानी विद्यार्थिनी किमोनोवर गडद तपकिरी-लाल रंगाचा हाकामा, म्हणजे घेरदार परकरासारखं वस्त्र, आणि पायात पाश्चात्त्य बूट घालू लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव ठेवलं 'एबिच्या शिकिबु'. एबिच्या म्हणजे तो रंग, आणि शिकिबु हे हजार वर्षांपूर्वीच्या लेखिका मुरासाकी शिकिबु यांच्या नावातलं. शिकणाऱ्या मुलीची थट्टा तिच्या कपड्याच्या रंगावरून. बिघडलेल्या विद्यार्थिनींबद्दलचे लेख तेव्हाही छापून येत होते. १९२० साली क्योतोतल्या हेइआन जोगाकुइन या मुलींच्या शाळेने आणि १९२१ साली फुकुओका जोगाकुइनने खलाशी धर्तीचा गणवेश आणला, आणि सुटसुटीत म्हणून तो देशभर पसरला. १९७०च्या दशकात बंडखोर मुली, त्यांना 'सुकेबान' म्हणत, त्याच गणवेशाचा स्कर्ट घोट्यापर्यंत लांब करून घालू लागल्या. म्हणजे शिक्षक दारात उभे राहून स्कर्ट फार लांब नाही ना हे बघत. वीस वर्षांनी त्याच दारात तो फार आखूड नाही ना हे बघितलं जाऊ लागलं. पट्टी तीच, मोजायची दिशा बदलली.

आमच्या वर्षाला, १९९६ला, या मुलींकडे बघणारे डोळे तर अगणित होते. देश वाईट दिवसांतून जात होता. फुगलेली अर्थव्यवस्था नव्वदीच्या सुरुवातीलाच फुटली होती. १७ जानेवारी १९९५ला कोबेचा भूकंप, २० मार्चला तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू. ओतोसानच्या कचेरीत नवीन माणसं घेणं बंद झालं होतं आणि तो रात्री न बोलता जेवायचा. टीव्हीवर मात्र चर्चा तोक्योतल्या शिबुया भागातल्या शाळकरी मुलींची. अशा फॅशनवेड्या मुलींसाठीचा 'कोग्यारु' हा शब्द, ओकिनावाहून आलेल्या आमुरो नामिए या गायिकेसारख्या बारीक भुवया आणि तपकिरी केस, तिथली १०९ नावाची दुकानांची इमारत, आणि मोजे, मोजे, मोजे. त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या राष्ट्रीय यादीत पहिल्या दहांत 'रूझु सोक्कुसु' होता. त्याच यादीत आणखी एक शब्द होता, पैसे देऊन शाळकरी मुलींचा सहवास विकत घेणाऱ्या प्रौढ पुरुषांच्या व्यवहाराचा. त्यावर तासन्‌तास बोललं गेलं, आणि बोलणं फिरून फिरून मुलींच्या कपड्यांवर, मोज्यांवर येऊन थांबायचं. पैसे कुणाच्या खिशातून निघत होते, त्या माणसांच्या पायांत कसले मोजे होते, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. कोतात्सूत बसून हे कार्यक्रम पाहताना ओनेचानने एकदा दुलई मानेपर्यंत ओढून घेतली. तिच्या आयुष्यात त्यातलं काहीही नव्हतं. पण मोजे होते, म्हणून ती सगळ्यांच्या नजरेत त्यात मोडत होती.

तिचं आयुष्य कसं होतं सांगू? कमरेला पेजर. त्यावर फक्त आकडे यायचे, आणि आकड्यांच्या उच्चारांतून त्या शब्द जुळवायच्या. ०८४० म्हणजे ओहायो, सुप्रभात. ४६४९ म्हणजे योरोशिकु. ७२४१०६, नानि शितेरु, काय करतेस? मधल्या सुट्टीत सार्वजनिक फोनपुढे रांग आणि बटणांवर अशी बोटं फिरायची की माझे डोळे पुरे पडत नसत. शनिवारी स्टेशनजवळच्या खेळघरात 'पुरिकुरा'चं यंत्र. जुलै १९९५मध्ये ते निघालं आणि वर्षभरात मितोपर्यंत पोचलं होतं. ३०० येन टाकायचे, पडद्यासमोर गाल चिकटवून उभं राहायचं, आणि सोळा चिमुकल्या चिकटचित्रांचा कागद हातात. त्या वर्षीचे माझ्याकडे असे पाच-सहा कागद आहेत. एकातही मोजे नाहीत. यंत्राचा डोळा छातीच्या वरचंच टिपायचा. इतक्या निगुतीने बसवलेल्या चुण्या, आणि त्यांचं एकही चित्र माझ्याजवळ नाही.

मी परत आले आणि दोन-तीन वर्षांत ते दिवस ओसरले. गडद निळे, गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे आले, बाजूला छोटंसं भरतकाम केलेले. 'कोन हाइ' म्हणत त्यांना. ओनेचानने पत्रात लिहिलं होतं की धाकट्या वर्गातल्या मुली आता आमच्या मोज्यांना म्हाताऱ्यांचे म्हणतात. २००९ साली जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने जगभर पाठवायला तीन तरुणींची 'कावाई (गोंडस) दूत' म्हणून नेमणूक केली, त्यातली एक खास शाळकरी गणवेशाच्या फॅशनसाठी. मी बातमी दोनदा वाचली. ज्या पोशाखाच्या नवेपणासाठी मुलींना दारात थांबवत होते, तो आता सरकार पाहुण्यांपुढे मांडत होतं.

एकदा कामानिमित्त नारा जिल्ह्यातल्या कोर्‍यो गावी जाणं झालं. जपानमध्ये सर्वांत जास्त मोजे नारा जिल्ह्यात विणले जातात, आणि त्यातही हे गाव पुढे. पूर्वी हा कापसाचा, सुताचा मुलूख, १९१० सालापासून इथे यंत्रावर मोजे होऊ लागले. गोल यंत्रात सुयांचं कडं फिरत असतं आणि त्यातून नळीसारखा मोजा खाली उतरत राहतो. जितका लांब मोजा तितका वेळ यंत्र त्याच्यावर अडून. म्हणजे एका मीटरभर मोज्याच्या वेळात साधे किती झाले असते! यंत्राशी उभ्या असलेल्या वयस्कर बाईंना मी नव्वदीतल्या दिवसांबद्दल विचारलं. त्यांनी दोन्ही हात पसरून लांबी दाखवली आणि नुसतं हसून मान हलवली. सूत, सूत आणि सूत. त्या हसण्यात तक्रार नव्हती.

२०२३च्या फेब्रुवारीत, सव्वीस वर्षांनी, मी पुन्हा मितोला गेले. गाडीत समोरच्या बाकावर शाळकरी मुली बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांत ढगळ मोजे. मी बघतच राहिले. आता त्याला 'हेइसेइ रेत्रो' म्हणतात. हेइसेइ हा आधीच्या सम्राटाचा कालखंड, तो ३० एप्रिल २०१९ला संपला, रेइवा सुरू झाला, आणि आमचं तरुणपण रीतसर जुनं झालं.

ओनेचानची मुलगी पंधरा वर्षांची. तिने स्वतःचे मोजे आणले होते, पण चुण्या पडेनात. ओनेचान तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. बोटं आत, बोटं बाहेर, एकेक चुणी, पुढे दाट, मागे विरळ. हात काहीही विसरले नव्हते. ते बघताना मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं. त्या सकाळी मी आत निघून गेले, मी थांबायला हवं होतं.

ओनेचान थांबली. तिला ते शिक्षक आठवत होते, गार फरशी आठवत होती. मी आत गेल्याचं आठवत नव्हतं. ती म्हणाली, "दुपारी तू तुझ्या पिशवीतले खेळाच्या तासाचे मोजे मला आणून दिलेस. भारतातले. वर रबर लावलेले. किती घट्ट होते ते! घरी आले तर पोटरीवर गोल वळ." आणि तिने बोटाने आपल्या पोटरीवर ती रेघ काढून दाखवली, बरोबर तिथे, जिथे माझ्या पायावर उठायची.

मला यातलं काहीही आठवत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. वर्ग आठवतो, स्टोव्ह आठवतो, बाकाची दांडी आठवते. तिच्या वर्गापर्यंत चालत गेल्याचं आठवत नाही. तिने ते मला बरं वाटावं म्हणून रचलं असेल का, असाही विचार येऊन गेला. पण त्या रबराच्या वळाबद्दल मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं.

ओकासान आता ऐंशीच्या पुढे आहे. कोतात्सूशी बसली होती, आम्ही काय बोलतोय ते तिला नीट ऐकू येत नव्हतं. नातीने तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, आईचे जुने रूझु सोक्कुसु टाकून दिलेस का गं? ओकासानने दुलई बाजूला केली आणि विजार वर सरकवली. दुखऱ्या गुडघ्यांवर दोन पांढऱ्या नळ्या, उभ्या पट्ट्यांची वीण, पिवळट पडलेल्या. पावलाचा भाग कापून कड नीट शिवून घेतलेली. वीस वर्षं हिवाळ्यात तेच घालते, म्हणाली, याच्यासारखं ऊबदार दुकानात काही मिळत नाही.

"मला दे ना, आजी," नात म्हणाली. "अस्सल आहेत ते."

ओकासानने विजार खाली केली, दुलई ओढून घेतली. "थंडी संपू दे," ती म्हणाली, आणि संत्र्यांची टोपली आमच्याकडे सरकवली.